मोडमास्तरीण आणि निवलेलं काड

कारखान्यात तिला सगळे मोडमास्तरीण म्हणायचे. बालवाडीच्या खुर्च्या बनवणाऱ्या त्या जागी खुर्च्या मोडण्याचा पगार घेणारी ती एकटीच. अंगकाठी अशी, की साचेवाले काका म्हणत, "पोरी, तू बसलीस तर खुर्चीला पत्ताही लागायचा नाही." म्हणून ती बसत नसे. वाळूचं पोतं कमरेएवढ्या उंचीवरून खुर्चीवर सोडायची, पुन्हा उचलायची, पुन्हा सोडायची.

मोडणं हे तिचं निम्मंच काम. खुर्चीचा मालही तिनेच दोन वर्षं खपून बसवला होता. बाटल्यांच्या जुन्या झाकणांचं प्लॅस्टिक वितळवायचं, त्यात गव्हाचं बारीक कापलेलं काड मिसळायचं, त्याचे दाणे करून साच्यात घालायचे. एरवी शेतात जाळून टाकतात ते हे काड, पण त्याने खुर्चीला ताठपणा येई. अट एकच, काड ठणठणीत कोरडं हवं. ओल राहिली की मशीनमध्ये तिची वाफ होते आणि खुर्चीच्या पोटात बुडबुडे धरतात.

काड वाळवायच्या ओव्हनवर तिची आई होती. वडील गेल्यावर आई घरात भिंतींशी बोलायला लागली, तेव्हा लेकीनेच तिला इथे आणलं. आई तिला चारचौघांत मॅडम म्हणे.

"आई, मॅडम नको म्हणूस गं. लोक हसतात."

"हसू देत. तेवढेच दात दिसतात त्यांचे."

आणि मग खुर्च्या मोडायला लागल्या. आजवर टिकलेल्या मालाचे पाय अचानक तिसऱ्या-चौथ्या आपटीला तुटू लागले. मालकांनी स्पष्टच सांगितलं, "शनिवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून साधं प्लॅस्टिक. बालवाडी थांबायची नाही."

लेकीने झाकणं बदलून पाहिली, मशीनची उष्णता कमी-जास्त केली, साचा उघडून पुसला. कुणाला बोल लावला नाही. मोडलेला प्रत्येक पाय आडवा कापायचा, बुडबुडे मोजायचे, वहीत लिहायचं. डबा मात्र तसाच परत यायचा. आईचा जीव वरखाली. गालफडं बसली पोरीची, आणि ही पायच मोजतेय.

शुक्रवारी सकाळी ती छोटा वजनकाटा घेऊन ओव्हनपाशी आली. गरम ट्रेमधलं मूठभर काड तिने काट्यावर ठेवलं आणि समोर उभी राहिली.

"आई, आकडा बघ."

आकडा हळूहळू चढत होता.

"काही न घालता वाढतंय?"

"हवेतलं पाणी पितंय. अर्धा तास उघडं राहिलं की वाळवलेलं सगळं वाया. पण आपलं तर गरमागरमच मिक्सरमध्ये जातं." लेक कपाळाला हात लावून म्हणाली. "म्हणजे हेही कारण नाही."

आईने पदराला हात पुसले. ते कोरडेच होते.

"नाही जात गरम," ती म्हणाली. "तू त्या दिवशी स्वतः ट्रे ओतायला गेलीस आणि मनगट भाजून घेतलंस ना, तेव्हापासून मी बाहेर ठेवते. निवू देते, मग पाठवते."

"सांगितलं का नाहीस?"

"तू नको म्हणाली असतीस."

निवलेले सगळे ट्रे लेकीने परत ओव्हनमध्ये सरकवले, शेजारच्या बेकरीतून कोपरापर्यंतचे हातमोजे उसने आणले आणि दुपारी काड चटके बसण्याइतकं गरम असतानाच मिक्सरमध्ये ओतलं. दुसऱ्या दिवशी त्या मालाच्या खुर्च्यांवर पोतं पन्नास वेळा पडलं. शेवटी मोजता मोजता काकाच दमले. "आता पोतं फाटेल, बाई."

तिने दोषांची वही उघडली. ती मालकांकडे जायची होती.

"लिही की हवा दमट होती," काका हळूच म्हणाले. "खोटं थोडंच आहे?"

आईलाही क्षणभर तेच वाटलं. या वयात ठपका, तोही पोटच्या पोरीच्या हातचा.

लेकीने लिहिलं: 'सुकवण विभागात काड निवू दिलं. कारण, ओतणाऱ्याचा हात भाजेल ही भीती. भीती रास्त होती. लांब हातमोजे मी मागवायला हवे होते, मागवले नाहीत. पहिली चूक माझी.'

खाली आपली सही करून तिने वही आईपुढे सरकवली.

"इथे तुझी. आणि यापुढे काळजी वाटली तर मला सांगायचं. काडाला नाही."

आईने मजकूर दोनदा वाचला. शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर तिने लेकीसाठी कितीतरी सह्या केल्या होत्या. आज तिने पेन नीट धरलं आणि पूर्ण नाव लिहिलं.

"झाली," ती म्हणाली. "आता जेव, मॅडम."