तारेचं दुसरं टोक

हां, तर काल आपण कितिओनेला छपरावरच सोडून उठलो होतो. गडी अजून वरच आहे. एका हातानं छपराची कड धरलीय, दुसऱ्या हातात रेडिओची तांब्याची तार, आणि खाली अंगणात निम्मं गाव वर तोंड करून उभं.

“आता?” तो वरून ओरडतो.

“खर्रर्र!” खालून सगळे एका सुरात.

“आता?”

“आता जास्त खर्रर्र!”

“जरा डावीकडे वाक,” शेजारचे मोसेसे आजोबा म्हणाले. “तू वाकलास की बाईचा आवाज येतो. तसाच वाकून राहा, आम्ही बातम्या ऐकून घेतो.”

लोक हसले. कितिओने हसला नाही. त्याची बायको सेईनी राजधानीच्या दवाखान्यात पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यायला गेली होती. सगळं टोंगा जसं करतं तसंच तिचंही ठरलं होतं. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर रेडिओवर घरोघरचे निरोप वाचतात ना, त्यात ती आपली खुशाली कळवणार होती. ‘उद्या चाकू लावणार आहेत, डुकरांना वेळेवर खायला घाला’ एवढा तिचा निरोप आला, आणि दुसऱ्या दिवसापासून रेडिओला जी खरखर लागली ती लागलीच. चाकूच्या पुढं काय झालं, ते त्या खरखरीच्या पलीकडं राहिलं. गावात तसा पाद्र्यांकडे एक रेडिओ होता, पण पाद्री धर्मसभेला गेले ते रेडिओ बगलेत मारूनच.

कितिओनेनं काय म्हणून करायचं ठेवलं नाही! सेल काढून उन्हात तापवले, तर कोंबडी त्यांवर शिटून गेली. रेडिओची पाठ उघडली, आत पालीची अंडी. ती काढली, सेलला टेकणाऱ्या पट्ट्या काथ्यानं घासून लखलखीत केल्या. अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेल्या लोखंडी कांबीवर बादलीभर समुद्राचं पाणी ओतलं. रेडिओ उभा ठेवला, आडवा ठेवला, बायबलच्या कपाटावर ठेवला. खरखर काही हटेना.

“त्याला कावा पाज,” मोसेसे आजोबांनी सुचवलं. कावा म्हणजे आमच्याकडचं मुळी कुटून केलेलं, जीभ बधिर करणारं पेय. “कावा प्यायल्यावर माझी खरखर कशी थांबते!”

“आजोबा, कावा प्यायल्यावर तुमचं बोलणंच थांबतं.”

“मग! तेच सांगतोय मी.”

शेवटी शनिवारी दुपारी कितिओने छपरावरून उतरला आणि रेडिओपुढं फतकल मारून बसला. तेव्हा त्याच्या बहिणीचा नवरा पेनी हळूच येऊन टेकला. पेनी म्हणजे गरीब गाय. बराच वेळ गवताची काडी चघळून त्यानं विचारलं, “तार इथून कुठवर जाते रे?”

कुठवर जाते ते कितिओनेला ठाऊक नव्हतं थोडंच? घरावरून निघून ती निरफणसाच्या झाडावर, आणि तिथून थेट शेजारच्या, म्हणजे त्याच्या बहिणीच्या, फिफिताताईच्या अंगणातल्या माडावर. अख्खी तार त्यानं बोटांनी चाचपली होती, फक्त ते टोक सोडून. आता भावानं बहिणीच्या अंगणात डोकवायचं नाही, तिनं टांगलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, तिला उलटून बोलायचं नाही, हे आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आत शिकवतात. म्हणून त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं की दोष तिकडे नसणारच.

“का विचारता, दाजी?”

“नाही, म्हणजे…” पेनीनं आभाळाकडे पाहिलं. “आठवडाभर ही ऑक्टोपस मारून आणतेय. चांगले मोठाले. वाळत घातलेत.”

“कुठं?”

“उंच. डुकरं पोचू नयेत म्हणून.”

कितिओनेनं कपाळाला हात लावला. खाऱ्या पाण्यानं निथळणारी, आठ-आठ पाय लोंबणारी ती धुडं! त्यांच्या वजनानं तार झोळ खाऊन फिफिताच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर टेकली होती. वारा आला की तार पत्र्यावर घासायची. वारा तर या बेटावर कधी पडतच नाही.

“दाजी, तुम्ही काढा ना ते खाली.”

“मी? अरे, तू तिचा भाऊ तरी आहेस. मी नुसता नवरा!”

तेवढ्यात कुंपणापलीकडून फिफिताचा आवाज कडाडला, “अहो, त्या घरातल्या माणसाला म्हणावं, माझी भावजय तिकडे दवाखान्यात पडलीय, आणि याला एक डबडं नीट करता येईना? ती आली की तिच्या तोंडाला चव यावी म्हणून मी इथं जीव टाकून ऑक्टोपस वाळवतेय. त्याला आहे का काही काळजी?”

पेनी कितिओनेकडे वळला. “तुझी ताई म्हणतेय की…”

“ऐकलं.”

“काय सांगू?”

कितिओने कुंपणाकडे पाठ करून म्हणाला, “ताईला सांगा, माझंच चुकलं. आज करतो.”

झालं. तार होती तिथंच राहू दिली, ऑक्टोपससकट. पण बेटावर दुसरी तार आणायची कुठून? मग कितिओनेनं डुकरांच्या कुंपणाचीच तार उपसली, ती घरापासून चिंचेच्या शेंड्यावर ताणली, आणि संध्याकाळची प्रार्थना संपता संपता रेडिओचं बटण फिरवलं. काय सांगू! आवाज असा आला, जणू बाई अंगणात चटईवर बसून बोलतेय. कुणाचं पोर पास झालं, कुणाला रताळी हवीत, सगळं अक्षर न् अक्षर. अंगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. कुंपणापलीकडे फिफिताही उभी होती.

“हापाई बेटांवरच्या कितिओनेसाठी निरोप,” बाई म्हणाली. “राजधानीहून…”

आणि कुंपण उरलं नाही म्हणून मोकळी सुटलेली त्याची काळी डुकरीण तारेच्या लोंबत्या टोकात पाय अडकवून चिंचेसकट सगळं हलवत धावत सुटली. तार तुटली. खर्रर्र.

मग जो वाद माजला! “बाईचा आवाज मऊ होता,” मोसेसे आजोबा म्हणाले. “मेल्याची बातमी ती जड आवाजात देते.”

“तिला पडसं झालं असेल,” मागून कुणीतरी.

“पडशानं आवाज जड होतो, मऊ नाही!”

“गप्प बसा रे सगळे!” कितिओने ओरडला. आणि ज्या रेडिओला तो फडक्यात गुंडाळून ठेवायचा, त्याला त्यानं तळहातानं एक सणसणीत लगावली. रेडिओ तरीही खरखरतच राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी आमच्याकडे खिळासुद्धा ठोकत नाहीत. कितिओने दोन्ही वेळा देवळात जाऊन आला, जेवला नाही, आणि दिवसभर ओसरीवर बसून अंगणात पडलेल्या तारेकडे बघत राहिला. उचलायला मनाई, बघायला थोडीच आहे?

सोमवारी उजाडताना प्रवाळाच्या कडेबाहेर बोटीचा भोंगा वाजला. इथं धक्का नाही. कुणाची होडी आली तर बोट माणूस उतरवते, नाही तर पुढच्या बेटाला निघून जाते. कितिओनेनं होडी पाण्यात लोटली. लाटा चांगल्याच उसळत होत्या. बोटीच्या कठड्याला ओळीनं तोंडं होती, ती तो एकेक करून बघत चालला. हे नाही. हेही नाही. टोकाला एक वाळलेली बाई गाठोडं छातीशी धरून उभी होती, ती त्यानं आधी ओळखलीच नाही.

“म्हणजे मिळाला म्हणायचा निरोप!” सेईनी वरून म्हणाली. “मी त्या बाईला बजावलं होतं, नीट सावकाश वाच म्हणून. ऐकलात ना सगळं?”

कितिओनेनं एका हातानं बोटीचा दोर पकडला, दुसरा वर केला. “एक शब्द ऐकला नाही. भोंगा ऐकला आणि आलो. तू नसतीस तर पुढच्या बोटीला आलो असतो. आता ते गाठोडं आधी खाली दे, आणि पाय जपून टाक. टाके आहेत ना अजून?”