आटपाडीला पोचायला चोवीस वर्षं

"गाडी घेऊन ये. आटपाडीला जायचंय," आबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी होते. माझे वडील रिटायर्ड सुभेदार. फोनवर ते मोजकंच बोलतात. या वेळी मात्र मी न विचारताच त्यांनी कारण सांगितलं, "कंपनीतला अजून एक गेला. बिरूला भेटून येऊ म्हणतो."

बिरू कोण हे मला माहीत नव्हतं. पण आबांनी स्वतःहून कुठं जायचं म्हणण्याची ही गेल्या कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ. मी शुक्रवारची सुट्टी टाकली.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. पोचले तेव्हा आबा इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून ओट्यावर बसले होते. शेजारी गुळाची ढेप आणि आईनं बांधून दिलेला वाघ्या घेवडा. तिथून दहिवडीमार्गे आटपाडी सरळ पडते, पण आबा म्हणाले, "आधी कुंडलला पवारकडं जाऊ. पत्ता त्याला ठावं हाय." पत्ता फोनवरही मिळाला असता. ते वेळ काढतायत, हे मला तेव्हा कळलं नाही.

या वाटेनं नोव्हेंबरात निघणार असाल तर सातारा–कराड टप्प्याला तासभर जास्तीचा धरा. हायवेचं काम चालू आहे आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात. कराडात मिसळ खाऊन आम्ही तासगावच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडं ऊस, मधूनच कारखान्याच्या मळीचा वास. हा रस्ता बरा आहे, फक्त ट्रॅक्टरच्या मागं अडकलात तर गाणी लावा आणि गप्प बसा.

कुंडलचे पवारकाका आबांच्या लष्करातल्या कंपनीत ड्रायव्हर होते. काकूंनी चहा टाकला. भिंतीवर कंपनीचा ग्रुप फोटो होता. मी सहज विचारलं, "हा कुठला?"

"भूजचा," काका म्हणाले. "भूकंपाच्या आदल्या वर्षीचा. २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदनाला उभं हुतो आमी. वाटलं, मलाच चक्कर आली. बघतो तर झेंड्याचा खांब डुलतोय! तासाभरात गाड्या काढल्या आनि भचाऊच्या रस्त्याला लागलो. गाव न्हवतंच गं, नुसता ढीग."

"आणि आबा?"

आबा उठून गोठ्याकडं गेले. काकांनी आवाज खाली आणला.

"तुला ठावं न्हाई व्हय? तुजा बा रजेवर हुता. रजेचा नंबर बिरूचा हुता खरं तर. तुजं अपेंडिक्स फुटलं, तार आली. बिरू म्हनला, शंकर, माजी रजा तू घे. आनि तितं ढिगाऱ्यात बिरूचा पाय गेला, गुडघ्याखालनं."

मी कप खाली ठेवला. मी तेव्हा आठ वर्षांची होते. मिरजेच्या दवाखान्यातली लोखंडी खाट आठवते, नर्सनं दिलेला कागदी झेंडा आठवतो. आणि आबा मला न सांगता निघून गेले, हा राग आठवतो. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

विट्यात जेवलो. शाकाहारी थाळी एकशे तीसला, भाकरी गरम. विटा सोडलं की ऊस मागं पडतो, माळ सुरू होतो, पवनचक्क्या दिसायला लागतात. डोळ्यांना एकदम लांबचं दिसतं. मला हा टप्पा फार आवडला, पण आबांचं बाहेर लक्षच नव्हतं. भिवघाटात त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

"माघारी फिरू, ताई."

"पवारकाकांनी सांगितलंय मला."

ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मग बोलायला लागले ते थांबलेच नाहीत. मिरजेला चहाच्या रांगेत त्यांनी टीव्हीवर भूजचं नाव ऐकलं होतं. माझा ताप उतरेपर्यंत दोन दिवस राहिले आणि निघाले. ते पोचले तोवर बिरूला पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात हलवलं होतं. महिन्यानं तिथं गेले.

"झोपला हुता. चादर एका बाजूला सपाट. मी दारातच उभा राहिलो. काय म्हनायचं त्याला? तसाच मागं फिरलो. त्यानं दोन पत्रं घातली. मी एकाचंबी उत्तर दिलं न्हाई."

"आबा, ती रजा माझ्यासाठी होती ना? मग मलाही त्यांना भेटायचंय. तुम्ही गाडीत बसा हवं तर."

ते गाडीत बसले. पट्टा लावला आणि हातानं आटपाडीच्या दिशेला खूण केली.

आटपाडीच्या अलीकडं बिरूकाकांची डाळिंबाची बाग आहे. त्यांच्या घरचे पूर्वी मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर असायचे. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तशी बाग उभी राहिली. आम्ही पोचलो तेव्हा सडपातळ, पांढऱ्या मिशांचा एक माणूस झाडांना आधाराच्या काठ्या बांधत होता. चालताना डावा, कृत्रिम पाय किंचित ओढत होता, इतकंच.

"कोन पायजे?"

"मी. शंकर."

काकांनी हातातली सुतळी पूर्ण बांधली, गाठ ओढून बघितली. मग घराकडं वळून ओरडले, "आगं, दोन खुर्च्या काढ!"

खुर्चीत बसल्यावर आबांनी पाठ केल्यासारखं बोलायला सुरुवात केली. "बिरू, मी हॉस्पिटलात आलतो. तू झोपला हुतास..."

"मी जागा हुतो."

आबांनी मान वर केली.

"जागा हुतो, शंकर. डोळं मिटून पडलो हुतो. तुज्या बुटाचा आवाज मला कळंना व्हय? म्हनलं, ह्यो हाक मारंल, मग डोळं उघडू. तू हाक मारलीच न्हाईस. पाय गेला त्याचं काय न्हाई गड्या, लष्करात जातोच कुनाचा तरी. तू आला न्हाईस त्याचं लय वाटलं मला. लय दिस वाटलं."

"माजी जागा हुती ती, बिरू. मी पायजे हुतो तितं."

"तू?" काकांनी आबांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "आरं, भोक एवढंसं हुतं. आत एक पोरगी रडत हुती. कंपनीत सगळ्यात बारीक मी, म्हनून मला आत सोडला. तू मावला असतास का त्यात? तुज्या खांद्यानं सगळा स्लॅब खाली आला आसता! पोरगीला म्होरं ढकललं, पवारनं वढून घेतली, आनि मग जमीन परत हालली. नाव न्हाई माहीत तिचं. पर माजी कॉलर अशी धरली हुती की बटन तिच्या मुठीतच ऱ्हायलं."

आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काका उठले, खुर्ची ओढत त्यांच्याजवळ नेली आणि नुसते बसून राहिले. मग माझ्याकडं वळले.

"ही ती व्हय? पोट दुखतंय का आता?"

"नाही, काका."

"मग झालं की! दोन पोरी वाचल्या, एका रजेत."

काकूंनी बाजरीची भाकरी आणि मटण केलं. आटपाडीत लॉज आहेत, पण आम्हाला कुणी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराचा. या भागात येणार असाल तर शनिवार साधाच, सकाळी लवकर. बिरूकाका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून वजन सांगत होते, आबा प्रत्येक वेळी वाद घालत होते, आणि दोघंही चुकत होते.

परत येताना दिघंची, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव असा सरळ रस्ता धरला. तीन तासांत घरी. डिकीत डाळिंबाची दोन खोकी होती. आबा पूर्ण वाटभर भूजच्या गोष्टी सांगत होते: कुणाला स्वयंपाक यायचा, कोण घोरायचं. चोवीस वर्षांत त्यांनी भूजचं नाव काढलेलं मला आठवत नाही.

या सहलीत मी पाहिलेलं फारसं काही नाही. एक बाग, एक बाजार, थोडा माळ. पण त्या दवाखान्यातून आबा न सांगता का गेले, ते मला आता कळलंय. मुलीसमोर रडायचं नसेल त्यांना. माझा तो जुना राग कधी गेला ते समजलंसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात घरी फोन केला. आई म्हणाली, सकाळीच बाहेर पडलेत. मोबाइलवर लावला तर मागं गाड्यांचा गोंगाट.

"आबा, कुठं आहात?"

"दहिवडीच्या स्टँडवर. आटपाडीची गाडी लागतीय," ते घाईनं म्हणाले. "नंतर बोलू गं. बिरू जेवायचा थांबलाय."