गोळी माझ्याच हातची

हे मी इतकी वर्षं टाळलं. मुलीने विचारलं, "बाबा, दुबईची नोकरी का सुटली?" तर मंदी सांगितली. सगळ्यांनीच मंदी सांगितली होती, त्यात माझं खपून गेलं. आता वय झालंय. खोटं तसंच ठेवून मरायचं नाही.

शुक्रवारची सकाळ. शारजात अल नहदाला साहेबांचा फ्लॅट. आमच्या कन्स्ट्रक्शन कंपनीचे एचआर मॅनेजर, मूळचे पुण्याचे. आत चार-पाच जण सोफ्यावर बसलेले, समोर पोह्यांच्या डिश. मी दारात बूट काढत होतो.

"अरे थांबा थांबा," साहेब म्हणाले. "कंपाउंडर, आधी खिसे दाखवा."

मला वाटलं चेष्टा आहे.

"नाही, सीरियसली. गोळ्यांची मीटिंग आहे. तुमच्या लोकांचा काय भरवसा? इकडची गोळी तिकडे."

सगळे हसले. तुमच्या लोकांचा म्हणजे कोणाचा, हे विचारायची गरज पडली नाही. शाळेत गुरुजीही असंच म्हणायचे. खडू हरवला की आमच्याच बाकाकडे यायचे.

मी खिसे उलटे केले. रुमाल, बसचं तिकीट, खोलीची किल्ली. आणि मीही हसलो. त्यांच्यापेक्षा जास्त हसलो. नंतर सोफ्यावर जागा असूनही दाराजवळच्या स्टुलावर बसलो. कोणी सांगितलं नव्हतं.

ती मीटिंग कशाची होती, ते सांगतो.

मंदीच्या आधी टॉवरमागून टॉवर उठत होते. अजमानला आमचा कॅम्प. कॅम्पच्या क्लिनिकमध्ये मी कंपाउंडर. डॉक्टर कधीतरी यायचा, बाकी सगळं माझ्यावर. साइटवरून एकच हुकूम, माणूस खोलीत बसलेला चालणार नाही. यल्ला यल्ला, म्हणजे चला, उठा. कोणाची पाठ, कोणाचा खांदा, कोणाचा गुडघा. त्यांना आम्ही एक कडक गोळी द्यायचो, अफूच्या जातीची. दुखणं जायचं, थकवाही जायचा. माणूस दुपारच्या उन्हात सळया उचलायचा.

द्यायची पद्धत ठरलेली. पट्टी माणसाच्या हातात द्यायची नाही. पट्टीतून गोळी मी काढायची, त्याच्या तळहातावर ठेवायची, वर पाण्याचा ग्लास द्यायचा, माझ्यासमोर गिळायला लावायची. चिठ्ठी नाही, गोळीचं नाव सांगायचं नाही. नाव कळलं तर बाहेर विकत घेतील, बोंब मारतील. ही पद्धत कंपनीची. पण हात माझे.

मंदी आली. साइट बंद, क्रेन जागच्या जागी थांबल्या. क्लिनिकला टाळं. गोळी एका दिवसात बंद झाली. मग कॅम्पमध्ये माणसं थरथरू लागली. उलट्या, जुलाब, झोप नाही, पाय दिवसभर ओढल्यासारखे. त्यांना कळेना काय झालं. मला कळत होतं.

हळूहळू त्यांनी क्लिनिकच्या गोळीकडे बोट दाखवलं आणि प्रकरण वकिलातीपर्यंत गेलं. कंपनीत पैसा घातलेली एक परदेशी कंपनी होती. कोर्ट टाळायला तिने तडजोड केली. या माणसांच्या उपचारासाठी म्हणून पैसे दिले. दहा लाख दिरहम. "म्हणजे सव्वा कोटीच्या वर!" साहेब मोठ्याने हिशेब करून म्हणाले होते. पैसे वाटायला समिती. साहेब अध्यक्ष. कामगारांचा माणूस हवा म्हणून मी. देखरेखीला त्या परदेशी कंपनीची एक मॅडम अधूनमधून यायची.

त्या शुक्रवारी नियम ठरला. ज्याला उपचार हवेत, त्याने पुरावा दाखवायचा. डॉक्टरची चिठ्ठी, नाहीतर गोळ्यांची पट्टी. नाहीतर क्लिनिकच्या माणसाची साक्ष.

मी स्टुलावर बसून ऐकत होतो. चिठ्ठी कोणाकडेच नव्हती. पट्टी आम्ही कोणाच्या हाती लागूच दिली नव्हती. उरलो मी.

मी बाहेर पडताना साहेब लिफ्टपर्यंत आले. खांद्यावर हात ठेवला. "साक्ष द्या ना, कोण नको म्हणतंय? पण चिठ्ठीशिवाय गोळ्या कोणी दिल्या? पहिली केस तुमच्यावर. लायसन्स जाईल, व्हिसा जाईल, आत जाल. समजतंय ना, हबीबी?"

समजत होतं. फ्लॅटमध्ये हात वर करून नियमाला संमतीही दिली होती.

लिंबाजी लातूरकडचा. सेंटरिंगचं काम करायचा. फळ्या वाहून कंबर गेलेली. गोळी सगळ्यांत जास्त दिवस त्याने घेतली. मॅडम कॅम्पवर आली त्या दिवशी तो रांगेत पहिला होता. हाताची बोटं थांबत नव्हती म्हणून दोन्ही हात काखेत धरून उभा. कॅम्पवर मला सगळे मामा म्हणायचे.

"मामा, तुम्ही सांगा की बाईला. माझ्या बोलण्याचं तिला काय कळतंय?"

मॅडमने मला विचारलं, चिठ्ठीशिवाय गोळ्या दिल्या जायच्या का?

साहेब बाजूला उभे होते, माझ्याकडे बघत.

"नो मॅडम," मी म्हणालो.

लिंबाजीला इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं कळलं. तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, "मामा, पाणी बी तुम्हीच दिलं हुतं की."

मी खाली बघितलं. रांग पांगली.

पुरावा कोणाकडेच नाही, म्हणजे उपचाराला पात्र कोणीच नाही. पैसे शिल्लक राहिले. मग समितीने ते खर्च केले. हॉटेलात व्यसनमुक्तीवर सेमिनार झाला. साहेबांनी भाषण केलं, कामगारवर्गात मनाचा कमकुवतपणा असतो म्हणाले. वर बुफे. आणि कॅम्पच्या फाटकावर तपासणीची चौकी, झडतीचं यंत्र, नवे गार्ड. ज्यांना बरं करायचं म्हणून पैसे आले, त्यांचीच झडती त्या पैशातून. प्रत्येक ठरावाला मी हात वर केला.

लिंबाजी बाहेरून गोळी मिळवू लागला. तीच गोळी. एका संध्याकाळी त्या चौकीवर सापडला. गार्डने मला बोलावलं, कसली गोळी आहे सांगायला. लिंबाजी भिंतीकडे तोंड करून उभा. त्याचे खिसे उलटे लोंबत होते.

ते खिसे मी बघितले. अल नहदाच्या दारात मी उभा होतो ना, तसाच तो उभा होता. फरक एवढाच की त्याला तिथे मी उभं केलं होतं. साहेबाने माझ्याशी जे केलं, ते मी खाली पोचतं केलं होतं.

पोलिस त्याला घेऊन गेले.

पुढची मीटिंग त्याच फ्लॅटमध्ये. मॅडम आली होती, शेवटचा हिशेब बघायला. मी दारात आलो.

"आले आमचे कंपाउंडर! चला, खिसे," साहेब म्हणाले.

"नाही दाखवणार."

"अरे, जोक आहे यार."

"माहीत आहे. तरी नाही."

मी आत गेलो, बूट घालूनच. सोफ्यावर बसलो. माझ्या मोडक्या इंग्रजीत मॅडमला सगळं सांगितलं. गोळी मी दिली. चिठ्ठी कधीच नव्हती. पट्टी दिलीच जात नसे, आणि हे या खोलीतल्या सगळ्यांना नियम करतानाच माहीत होतं. त्या दिवशी मी खोटं बोललो. एक माणूस तुरुंगात आहे.

मॅडमने चष्मा काढला, पुसला. म्हणाली, तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं. पैसे खर्च झालेत. फाइल बंद होतेय.

तिचं म्हणणं चूक नव्हतं. आधी सांगायला हवं होतं.

साहेब एवढंच म्हणाले, "खलास. व्हिसा कॅन्सल." केस कोणी केली नाही. केली असती तर त्यांचीही नावं निघाली असती. हे मला आधी का सुचलं नाही, याचं उत्तर मला माहीत आहे. मला ते सुचायला नकोच होतं.

लिंबाजीला शिक्षा भोगल्यावर परत पाठवलं. मी पत्ता मिळवला आणि त्याच्या गावी गेलो. तो ओट्यावर बसला होता, म्हातारा झालेला, माझ्याहून लहान असून. मला बघून उठायला लागला, कंबर धरून.

"अगं, बघ कोण आलंय!" बायकोला हाक मारली. शेजाऱ्यालाही बोलावलं. "हे आमचे दुबईचे मामा. लई औषधपाणी केलं आमचं."

टोमणा असेल म्हणून मी त्याचा चेहरा बघत राहिलो. टोमणा नव्हता. जेवायला घातलं. मग हळूच जवळ सरकला. "मामा, कंबर लई दुखती. तसली एखादी गोळी आणलीय का हो?"

मागच्या वर्षी तो गेला.

आता मला माफी नको. ती द्यायला कोणी नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून मी घेणार नाही. पण त्या कॅम्पमधली माणसं अजून असतील, वाकलेल्या पाठीची, गावात व्यसनी म्हणून नाव पडलेली. ज्याला साक्ष हवी असेल, त्याला मी देईन. कोर्टात, पंचायतीत, त्याच्या बायकोसमोर. तो व्यसनी नव्हता, त्याला व्यसन लावलं, आणि लावणारा मी आहे. गुन्हा माझ्यावर दाखल झाला तर होऊ दे.

त्या दिवशी लिंबाजीच्या दारात मला हेच म्हणायचं होतं. वाटेत किती वेळा मनात म्हटलं होतं. तो दारापर्यंत सोडायला आला. मी चपला घातल्या, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "बरंय, येतो."