खुनी कोणत्या पानावर कळला

आमच्या वाचनालयातले एक सभासद पुस्तक परत करताना ते टेबलावर उलटे ठेवत, मागचे कोरे पान उघडत आणि पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यावर बोट टेकवून म्हणत, "बाबूजी, खुनी इथं कळला."

आकडा पानाचा असे. दोनशे पानांच्या रहस्यकथेत तो बहुधा साठाच्या आत. मी चार-पाचदा पडताळून पाहिले. चूक सापडली नाही.

मी दिवसा ट्रेझरीत कारकून, संध्याकाळी सहा ते आठ बुलढाण्यातल्या आमच्या लहानशा वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस. ते कोर्टात बेलीफ. समन्स बजावायला पार दुसरबीडपर्यंत जात. महाराष्ट्र राज्य नुकते झाले होते. पुण्या-मुंबईहून दर महिन्याला नव्या रहस्यकथा येत आणि पहिला हात त्यांचा पडे.

त्यांची मते ऐकायला आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवत असू.

"चौघं जेवले, एक मेला. मोलकरीण गावाले गेली म्हणते. मंग सकाळी भांडे कोणं घासले? जिनं घासले तिनंच मारलं."

दुसऱ्या पुस्तकाबद्दल: "दोन दिवस सारे रडूनच राह्यले. चूल काही पेटली नाही. खाल्लं काय यायनं?"

एकदा मात्र म्हणाले, "हा गुप्तहेर जाते तिथं लोक दार उघडून खरं सांगतात. मी समन्स घेऊन गेलो का घरातला माणूस घरात नसते."

एकाने विचारलेच, "बेलिफाची नजर भांड्यावर काऊन असते हो?"

त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचे पुस्तक मागितले. आम्ही हसलो. तुम्हीही हसला असता.

मग एका निवृत्त मास्तरांनी तक्रार केली. "मी पुस्तक उघडाच्या आधी हा माणूस मले पान सांगून ठेवते. वाचाव काय मंग?"

नियम सातवा: पुस्तकात काहीही लिहू नये. मी दोनदा समज दिली.

"नाव थोडंच लिहितो, बाबूजी? नुसता आकडा तर आहे."

तिसऱ्यांदा आकडा दिसला तेव्हा मी त्यांचे सभासदत्व बंद केले. पुढच्या दोन रविवारी बसून मी एकतीस पुस्तकांची मागची पाने रबराने साफ केली. एकही आकडा राहू दिला नाही.

दीड वर्षाने ते आले. टोपी हातात होती.

"बुक नाही नेत. नुसते मांगचे पानं पाहू द्या. ते आकडे तिचे होते."

"कोणाचे?"

"घरचीचे. मी वाचो, ती दाळ निवडत आयके. मधातच म्हणे, थांबा, हाच आहे. मी पान लिहून ठेवो. तिले लिहिता येत नव्हतं."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"बायकोले गोष्टी वाचून दाखवतो म्हटलं तर कचेरीतले हसले असते." त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "बुकं बंद झाल्यावर ती दर महिन्याले इचारे, नवं आलं का? मी सांगो, लेखकच लिहून नाही राह्यले आजकाल. मागच्या महिन्यात गेली."

मी एकतीसही पुस्तके काढून दिली. त्यांनी प्रत्येकाचे मागचे पान उघडले, खिडकीच्या उजेडात तिरपे धरून पाहिले आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवले. घाई केली नाही.

"साफ खोडलं, बाबूजी," ते म्हणाले. "काम चोख आहे तुमचं."

आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला.

सभासदत्व पुन्हा सुरू करतो म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. "आता कोणाले वाचू?" त्यानंतर ते आले नाहीत.

सातवा नियम अजून भिंतीवर आहे. नवी रहस्यकथा आली की आता आधी मी ती घरी नेतो आणि पेन्सिल जवळ ठेवून वाचतो. कोणी जेवले तर भांडी कोणी घासली, हेही बघतो. मागचे पान अजून एकदाही भरता आलेले नाही. खुनी मला लेखकाने सांगितल्यावरच कळतो.