मावशींनी रिकामा ठेवलेला दवाखाना

आपल्या गावात डॉक्टर टिकत नाही, हे लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. म्हातारे डॉक्टर वारल्याला तीन वर्षं झाली. मध्ये एक तरुण डॉक्टर आला, तर पहिल्याच सकाळी दीडशे माणसं दारात. कुणाला ताप, कुणाला खोकला, आणि निम्म्यांना नुसता डॉक्टर कसा दिसतो ते बघायचं होतं. चौथ्या दिवशी तो जेवायला म्हणून गेला तो गेलाच.

म्हणून या वेळी कंपाउंडर मावशींनी सूत्रं हातात घेतली. अठ्ठावीस वर्षं याच दवाखान्यात त्यांनी पट्ट्या बांधल्या होत्या, औषधं दिली होती आणि गावातल्या नऊशे माणसांची कार्डं लाकडी खणात घराघराप्रमाणे लावली होती.

"डॉक्टरीणबाई एक दिवस बघायला येताहेत," त्यांनी गल्लोगल्ली बजावलं. "जीव जात असेल त्यानंच यायचं. बाकीच्यांनी तोंडाला अन् गुडघ्यांना कुलूप लावा."

मावशींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गावानं ती ओलांडली नाही, आणि तिथंच घोटाळा झाला.

डॉक्टरीणबाई नऊला आल्या. पुसलेली फरशी, तपासायच्या टेबलावर कडक इस्त्रीची चादर, आणि बाकडं रिकामं. अकरापर्यंत एक मांजर तेवढं डोकावून गेलं. बाईंनी भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर. बारा वाजता त्यांनी स्टेथोस्कोप पिशवीत ठेवला.

"मावशी, इथं राहते की नाही ते चारच्या आत जिल्ह्याच्या ऑफिसला कळवायचंय. दुसऱ्या गावात रांगा लागल्यात म्हणे. इथं माझी गरज दिसत नाही."

मावशींच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर घालवला कुणी? तर आपणच! पण हातपाय गाळणारी ही बाई नव्हे. त्यांनी अख्खा खण ओढून टेबलावर ठेवला.

"गाव ठणठणीत नाही, मॅडम. मी दाबून ठेवलंय."

आणि न बघताच त्यांची बोटं एकेक कार्ड बाहेर काढू लागली. "हा सुतार. परवा अंगठ्यात पटाशी घुसलीय, चिंधी बांधून हिंडतोय. ह्या शाळेतल्या बाई, साखर तीनशेच्या वर. ह्या सासू-सुना. दोघींनाही ब्लडप्रेशर, आणि दोघीही कारण म्हणून एकमेकींकडे बोट दाखवतात."

बाईंना हसू आवरेना. "मग आले का नाहीत?"

"मी नको म्हटलं म्हणून."

"इतकं ऐकतात तुमचं?"

"आज जरा जास्तच ऐकलं मेल्यांनी."

मावशींनी सलूनवाल्याला फोन लावला. त्याला सांगितलेलं गावभर व्हायला एका दाढीचा वेळ पुरे. "अरे, सकाळचं रद्द. आता नावं वाचते, तेवढेच पाठव. तीस. एकतिसावा आला तर तुझ्याच खुर्चीत आणून बसवीन!"

अर्ध्या तासात बाकडं भरलं. सगळ्यांचे चेहरे चोरी पकडल्यासारखे.

"मला तसं काही नाही हं मावशी," सुतार म्हणाला. हात मात्र पाठीमागे.

"नाही ना? मग ते काहीच नाही बाईंना दाखव."

बाईंनी चिंधी सोडली. आत पू धरला होता. "आणखी चार दिवस थांबला असतात तर पटाशी धरायला अंगठा राहिला नसता," त्या म्हणाल्या. जखम धुतली, इंजेक्शन दिलं, आणि मावशींनी बांधलेली पट्टी दोनदा निरखून पाहिली. त्यानंतर त्यांनी मान वर केली ती थेट चाराला दहा कमी असताना. तेव्हा हातात विसावं कार्ड होतं.

सासू-सुना दारात एकमेकींना "आधी तू", "आधी तुम्ही" करत होत्या. बाईंनी ऑफिसला फोन लावला. बाकड्यावरचे सगळे कान टवकारून पुढं वाकले.

"हो, राहते. पण रोज तीसच पेशंट. आणि कोणते तीस, ते मी नाही, मावशी ठरवणार."

अजून तिथंच रेंगाळलेल्या सुतारानं बांधलेला अंगठा वर केला. "आणि मावशी, एकतिसाव्यानं काय करायचं?"

"उद्या पहिला नंबर लावायचा," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी सासूबाईंचं कार्ड पुढं सरकवलं.