हळदीकुंकवाला न आलेली पेशंट

"डॉक्टर, आवरा आता. ड्रायव्हर मघापासून हॉर्न वाजवतोय," मालतीताई म्हणाल्या. त्या आमच्या नाशिकच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. मी मंडळाच्या शिबिरांची गायनॅकॉलॉजिस्ट, म्हणजे बायकांच्या आजारांची डॉक्टर. घोटीच्या पुढच्या एका गावात, शाळेच्या खोलीत, आमचा हेल्थ कॅम्प संपत आला होता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. या कॅम्पच्या आधी एकदा याच गावात 'आरोग्य तपासणी' असा बोर्ड लावून आम्ही माश्या मारत बसलो होतो. असल्या तपासणीला घरचे बायकांना पाठवत नसत. मग मालतीताईंनी शक्कल लढवली. संक्रांतीचे दिवस होते. हळदीकुंकवाचं बोलावणं धाडायचं, वाण म्हणून स्टीलची वाटी द्यायची आणि पडद्यामागे तपासणी उरकायची. हळदीकुंकवाला कुठली सासू नाही म्हणेल? खोली गच्च भरली, मंडळ खूश झालं. मी मात्र सकाळपासून अस्वस्थ होते. पन्नाशीच्या पुढच्या बायका इतक्या कमी कशा?

सामान भरत होते, तेवढ्यात हिराबाई परत आली. सकाळीच तिला तपासलं होतं.

"ताई, अंगावर जातं त्याच्या गोळ्या द्या ना."

"पण तुम्हाला तर तो त्रास नाही."

"मला नाय, माझ्या जावंला. पाळी जाऊन लय वर्सं झाली तिची. आता परत रक्त जातंय."

माझा हात थांबला. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर कॅन्सरची शंका घ्यावीच लागते.

"अहो, मग त्यांना आणलं का नाही?"

हिराबाईने वेडीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "हळदीकुंकू हाय ना ताई. तिचा मालक वारलाय. ती कशी यील?"

मालतीताई सामान भरायचं सोडून जवळ आल्या. मला संताप आला, पण काढायचा कुणावर? गावातल्या सगळ्या विधवांना आम्हीच बाहेर ठेवलं होतं, तेही बोलावणं धाडून.

हिराबाईबरोबर तिच्या घरी गेलो, तर तिची जाऊ सखूबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. शाळेत चला म्हटलं, तर सूप खाली ठेवेना.

"पोरीचं लगीन हाय फुडल्या म्हयन्यात. हळदीकुंकवाच्या जागी मी पाय ठेवला आन् काय इपरीत झालं, तर लोक मलाच बोलतील."

"आणि तुम्हालाच काही झालं तर?"

ती पाखडत राहिली. पुन्हा हॉर्न वाजला.

"वाजवू दे त्याला," मालतीताई म्हणाल्या. "डॉक्टर, इथेच बघता येईल?"

घरातल्या बाजेवर तपासलं. आत अंधार होता. रेशमी साडीतल्या मालतीताई सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून टॉर्च धरून बसल्या. गर्भाशयाच्या तोंडावर बोराएवढी वाढ होती. जरा धक्का लागताच रक्त आलं.

"लगीन झाल्यावर येते," सखूबाई म्हणाली.

"नाही. आत्ता आमच्या गाडीत बसायचं." माझा आवाज चढला होता. मी घाबरले होते.

"जा गं," हिराबाई म्हणाली. "लगनाचं मी बघते."

नाशिकला तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, पण सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, लग्न उन्हाळ्यावर गेलं, आणि सखूबाई लेकीच्या मांडवात धडधाकट उभी राहिली.

पुढच्या वर्षी मालतीताईंनी हळदीकुंकू काढून नुसत्या तिळगुळाचं बोलावणं धाडलं. परंपरा मोडली म्हणून मंडळातल्या काही जणी रुसल्या. गावातल्या काही सासवांनी सुना पाठवल्या नाहीत. गर्दी निम्मी झाली. पण सखूबाई दारात उभी राहून, भिंतीकडेला घुटमळणाऱ्या विधवांना हाताला धरून आत ढकलत होती. "चल गं, औंदा आपल्यालाबी बोलावलंय."

खोली भरली म्हणजे गाव आलं, असं होत नाही. आता मी कॅम्प संपला की आधी विचारते, कोण आलं नाही?