बाबांचा गुळगुळीत हात
आमचे बाबा रंगारी. चाळीस वर्षं त्यांनी भिंती घासल्या. कुठे उंचवटा दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. काम सुटल्यावर मी त्यांना माझ्या कागदकलेच्या वर्गात बसवलं. जेसो म्हणजे घट्ट पांढरा लेप. त्याचा कागदावर जाड थर देऊन कंगव्याने ओरखडे काढायचे होते. बाबांनी थर दिला, वाळवला आणि पॉलिश पेपरने घासून आरशासारखा केला.

"बाबा, खडबडीत हवंय."

"मग गवंड्याला बोलाव," ते म्हणाले.

शेवटी वर्गाच्या प्रदर्शनात मी, त्यांनी लेप लावायची पट्टी ज्याला पुसली होती, तो खडबडीत झालेला रद्दी कागदच लावला. लोक त्याच्यासमोरून हलेनात. आई मात्र हिरमुसली.

"हे जन्मभर पॅन्टलाच हात पुसत आले," ती म्हणाली. "आणि मी मेली त्या रोज धूत बसले."